क्षयरोग आणि देहाचें वजन

खानदेशांतील नशिराबाद हें गांव एके काळीं कांचेच्या बांगड्यांसाठीं प्रसिद्ध होतें. वजनाचा कांटा घरोघर नव्हता त्या काळीं अंगाची झीज बांगडीच सांगे. मनगटावर बसणारी बांगडी कोपराकडे सरकूं लागली, आणि जोडीला खोकला व तिन्हीसांजेचा बारीक ताप असला, कीं घरांतील वडील मंडळींच्या मनांत एकच शंका येई. त्या शंकेचें नांवच ‘क्षय’, म्हणजे झीज.

या नांवांतच एक जुना प्रश्न दडलेला आहे. रोग जडल्यामुळें माणूस झिजतो, कीं झिजलेल्या माणसाला रोग जडतो?

चरकसंहितेंत राजयक्ष्म्याचीं चार कारणें दिलीं आहेत: शक्तीबाहेरचे श्रम, मलमूत्रादि वेगांचा अवरोध, धातूंचा क्षय आणि विषम आहार. म्हणजे झीज हें रोगाचें केवळ फळ नसून बीजही आहे, असें प्राचीन वैद्य मानीत. मात्र सुबत्तेनें हा रोग हटकून टळतो असेंही नाहीं. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें राजयक्ष्म्यानेंच गेले. तेव्हां ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते, आणि पेशव्यांच्या वाड्यांत अन्नाची वाण खास नव्हती.

२४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाच्या जंतूंचा शोध जाहीर केला. बीज हातीं लागलें, तेव्हां तें ज्या जमिनींत रुजतें तिच्याकडील लक्ष साहजिकच उणावलें. तथापि जंतु मारणारें औषध पुढें साठ वर्षें सांपडलें नाहीं. तोंवर उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांति आणि दूध, अंडीं, लोणी यांचा भरपूर आहार. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं पांचगणीस काढलेलें ‘बेल एअर’ हें आरोग्यधाम याच परंपरेंतलें. अशा आरोग्यधामांत रोग्याला वरचेवर कांट्यावर उभें करीत, आणि दोन पौंड वजन वाढणें ही मोठी आनंदाची वार्ता असे.

औषधें निघाल्यावर १९५६ सालीं मद्रास येथें एक महत्त्वाचा प्रयोग सुरू झाला. १९३ रोग्यांपैकीं कांहींना आरोग्यधामांत, तर कांहींना त्यांच्या दरिद्री घरींच ठेवून तींच औषधें देण्यांत आलीं. आरोग्यधामांतील रोग्यांना अन्न सकस मिळालें व त्यांचें वजनही अधिक वाढलें; परंतु वर्षाअखेर गुण येण्याचें प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेंच भरलें. १९५९ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि आरोग्यधामांचें महत्त्व ओसरलें. निष्कर्ष खरा होता. पण जडलेला रोग कशानें बरा होतो, एवढ्याच प्रश्नाचें तें उत्तर होतें. रोग जडतो कोणाला, हा प्रश्न तसाच राहिला.

क्षयाचे जंतु शरीरांत शिरलेल्या दहांपैकीं सुमारे नऊ जणांना रोग होतच नाहीं. रक्षक पेशी त्या जंतूंना कोंडून ठेवतात. अर्धपोटीं देहांत हा पहारा ढिला पडतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१० सालीं जो हिशेब मांडला गेला, तो असा: साधारण १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचें वजन अडीच किलोंनीं अधिक असलें, तर क्षयाचा धोका सुमारें शेंकडा १४ नें कमी. याचा अर्थ लठ्ठपणा हितकर, असा मात्र नव्हे. लठ्ठपणामागून मधुमेह येतो, आणि मधुमेही माणसाला क्षयाचा धोका सुमारें तिप्पट असतो.

शेवटचा पुरावा झारखंडांतून आला. २०१९ ते २०२२ या काळांत २,८०० रोगी आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसें यांवर तेथें प्रयोग झाला. अन्न सर्वच रोग्यांना दिलें. पण निम्म्या भागांत घरांतील इतर प्रौढांनाही दरमहा माणशीं ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण शेंकडा ३९ नें घटलें. शिवाय पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचें वजन शेंकडा ५ नें वाढलें, त्यांच्यांत मृत्यूचा धोकाही पुष्कळच कमी आढळला. हे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. चरकाचें म्हणणें दीड किलो डाळीनें पुन्हां सिद्ध केलें.

सरकारनें २०१८ पासून क्षयरोग्याला आहारासाठीं दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. औषधाची जागा अन्न घेऊं शकत नाहीं, आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याला थुंकीची तपासणी हवीच. पण रोग्याच्या घरच्यांची काळजी स्वयंपाकघरांतूनही घेतां येते. खानदेशांत ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. धान्य आणि डाळ यांची तीच जोड झारखंडच्या शिध्यांत होती. क्षयी माणसाचें ताट वेगळें मांडण्याची घाई अजूनही कित्येक घरांत होते. त्याच घरांतील बाकीचीं ताटें पुरेशीं भरलेलीं आहेत ना, हें मात्र क्वचितच कोणी पाहतें.