घराचा नाच कसा बसवायचा?

मुळशीतल्या एका शाळेत गॅदरिंगसाठी 'आमचं घर' या विषयावर मुलंच नाच बसवतायत, मी फक्त मदतीला. सगळ्यांकडे सिनेमातली गाणी तयार! मी म्हटलं, आधी भोंडला बघू.

मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर, गाण्यांत सासर-माहेर, शेवटी खिरापत. म्हणजे घराची गोष्ट फेर धरून सांगायची रीत आपल्याकडे आहेच.

शब्दही इथेच मिळतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशीसकट कितीतरी गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आई, भाऊ, लेक, सगळे त्यात आहेत.

पण मुळशीत घर म्हटलं की धरण आलंच. टाटांच्या वीजप्रकल्पात गावं बुडणार म्हणून १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. तरी धरण झालंच.

मग मुलांनी ठरवलं: फेर म्हणजे गाव. मधून पाणी वाढतं, हात सुटतात, सगळे कडेला जातात आणि तिथे पुन्हा हात धरतात.

तुमच्या घराचा नाच बसवायचा तर पहिली स्टेप कोणती? आधी आजीला विचारा. भेटू पुढच्या भागात!