जबानी आणि विचारपूस

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांद्याचा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला, तेव्हापासून त्याची मोजदाद कधी थांबली नाही. लूसी स्मिथ यांनी १८६९ साली सादर केलेल्या जमाबंदीच्या अहवालात गोंड राजांच्या वंशापासून धानाच्या बांध्यांपर्यंत आणि सागवानाच्या रानांपासून अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांपर्यंत सारे काही नोंदलेले आहे. पुढे जंगलखात्याने झाडे मोजली, मालगुजाराच्या पटवाऱ्याने बैल मोजले, खानेसुमारीने माणसे मोजली. या अवाढव्य दप्तरात वयात येणाऱ्या मुलामुलींच्या शरीराविषयी, त्यांच्या परस्परसंबंधांविषयी आणि त्या संबंधांतून उद्भवणाऱ्या व्याधींविषयी व बळजोरीविषयी मात्र एकही रकाना नव्हता. तो रकाना पुढे कोणी आखला, कोठे बसून आखला आणि तो भरताना समोरच्या माणसाला कोणत्या स्थानी बसवले, हे पाहण्याजोगे आहे. कारण चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात या विषयाचे जे ज्ञान आज उपलब्ध आहे, त्याचे बरेवाईट सर्वस्वी विचारणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून राहिले.

पहिले विचारणारे आले ते चालीरीतींच्या शोधात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींचा चार खंडांचा कोश प्रसिद्ध केला. त्यात मुलीच्या बापाकडे काही वर्षे राबून वधू मिळवणारा लमसेना आहे, आणि आपण होऊन पसंतीच्या पुरुषाच्या घरी जाऊन बसणारी मुलगीही आहे. १९३८ साली ग्रिगसन यांचा बस्तरच्या माडियांवरील ग्रंथ निघाला आणि १९४७ साली व्हेरिअर एल्विन यांचा मुरियांच्या घोटुलावरील बृहद्ग्रंथ. या अखेरच्या ग्रंथाचा लौकिक इतका मोठा, की इंद्रावतीच्या अलीकडे भामरागड-एटापल्लीच्या माडियांचे गोटुलही सुशिक्षितांनी त्याच साच्यात घालून पाहिले. वस्तुतः गावची बैठक, पाहुण्यांची उतारशाळा आणि सणासुदीच्या नाचाची जागा हेच येथील गोटुलाचे मुख्य प्रयोजन; आणि मुरियांच्या घोटुलात मुलगे व मुली दोघेही रात्री राहत असले, तरी डोंगरी माडियांच्या गोटुलात मुली निजत नसत, ही नोंद ग्रिगसन यांनीच करून ठेवलेली आहे. शहरी कुतूहलाने तेवढी पाने उलटली नाहीत. गावाच्या कडेला असलेल्या कुर्माघराकडे तर त्याचे लक्षच गेले नाही. पाळीच्या दिवसांत बायकांनी आणि नुकत्याच न्हाण आलेल्या मुलींनी जेथे राहावयाचे, ती ही गवती झोपडी. पावसात गळणारी, थंडीत गारठणारी, सापाविंचवांना मोकळी. मानवशास्त्रज्ञाला त्यात रूढी दिसली. त्या झोपडीत राहून आलेल्या मुलीला ताप आला होता काय, हे विचारणे त्याच्या विषयाबाहेरचे होते.

याच सुमारास मुंबईत एक वेगळा प्रयत्न चालू होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये देह ठेवीपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांनी पत्राने शंका विचाराव्यात आणि कर्व्यांनी त्यांना शास्त्राच्या आधारे आडपडदा न ठेवता उत्तर द्यावे, हा त्या मासिकाचा परिपाठ. अशा मोकळ्या लिखाणापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांचे मोल असे, की प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी कधी गुन्हेगार ठरवले नाही. परंतु ज्याला अक्षर येते, ज्याच्या गावी टपाल पोचते आणि ज्याची मातृभाषा मराठी आहे, त्याच्यासाठीच ते दार उघडे होते. धानोऱ्याच्या किंवा कोरचीच्या जंगलात गोंडी बोलणाऱ्या मुलीची शंका त्या टपालात पडण्याचा संभव नव्हता. तिच्या आयुष्याविषयी सरकारी कागदावर पहिली ठळक नोंद झाली ती पोलीस ठाण्यात.

गोंदियाहून चांदा फोर्टाकडे जाणाऱ्या, त्या काळी अरुंद असलेल्या लोहमार्गावर वडसा हे स्थानक आहे. त्याला लागून देसाईगंज. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात मोडे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी निराळा झाला. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीला बोलावण्यात आले. वय १४ ते १६, आईबाप वारलेले, भावाजवळ राहून मजुरी करणारी. ज्या घरी ती कामाला जाई, त्या घरच्या एका नातलग तरुणाशी तिचे मन जुळले आणि दोघांनी लग्नाचा बेत केला. भावाने ठाण्यात फिर्याद दिली, की बहिणीला पळवून नेले आहे. हेड कॉन्स्टेबलने सर्वांच्या जबान्या उतरून घेतल्या, मुलीचे वय ठरवण्यासाठी कोतवाल-बुकातील जन्मनोंदीची नक्कल आणण्यास फर्मावले आणि रात्री साडेदहाच्या सुमारास तो घरी निघून गेला. उरलेल्या दोन शिपायांनी इतरांना बाहेर घालवले, मुलीला आत ठेवून घेतले, आणि त्या रात्री ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला, अशी तिची तक्रार होती. गाव बाहेर जमला, ओरडा झाला, तेव्हा कोठे तिचे म्हणणे लिहून घेण्यात आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैद्यकीय तपासणी झाली. अंगावर जखम नाही. योनिपटल पूर्वीच फाटलेले. दोन बोटे सहज जातात: एवढ्या टिपणावर तिचे पुढील सहा वर्षांचे भवितव्य तोलले गेले. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी शिपायांना निर्दोष सोडले. ही मुलगी शरीरसंबंधाला सरावलेली, सबब तिची संमती असली पाहिजे, असा त्यांच्या तर्काचा ओघ होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो निकाल फिरवला आणि भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, हे स्पष्ट केले. परंतु ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी शिपायांना पुन्हा मुक्त केले. अंगावर खुणा नाहीत, त्या अर्थी झाले ते शांतपणे झाले, असा अर्थ काढण्यात आला. तिने आपल्या मर्जीने एका तरुणाशी जोडलेला संबंध हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. चौकशीचे सारे उपचार यथासांग पार पडले होते: फिर्याद होती, जबानी होती, जन्मनोंद होती, डॉक्टरांचा दाखला होता; पण त्यांपैकी एकाही कागदाने तिच्या संरक्षणाची जबाबदारी आपल्या अंगावर घेतलेली नव्हती.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. मान तुकवणे आणि संमती देणे यांतील भेद न्यायालयाला दिसू नये, आणि कोवळ्या वयाच्या मुलीला ठाण्यात अडकवून ठेवण्याबद्दल निषेधाचा एक शब्दही निकालपत्रात असू नये, याबद्दल त्यांनी खंत व्यक्त केली. १९८० साली ठिकठिकाणी स्त्रियांचे मोर्चे निघाले, आणि १९८३ साली फौजदारी कायदा बदलला: कोठडीतील बलात्काराला निराळी व कडक शिक्षा आली, आणि अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास तेच गृहीत धरावे, असा दंडक झाला. लग्नाच्या वा प्रेमाच्या वाटेवर असलेल्या एका मजूर मुलीच्या निमित्ताने देशाचा कायदा हलला, ही देसाईगंजची ऐतिहासिक थोरवी. तिला स्वतःला त्यातून काही मिळाले नाही, हेही त्याच इतिहासाचे अंग.

देसाईगंजच्या त्या रात्रीला आठवडाही लोटला नव्हता, तोच १ एप्रिल १९७२ पासून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा अमलात आला. कागदावर अधिकार मिळाला. परंतु तो अधिकार वापरण्यासाठी ज्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावयाचे, ती व्यक्ती या जंगलात नव्हती. कुमारिकेला दिवस गेले तर झाडपाला आणि भोंदू वैदू हाच आधार, अशी स्थिती असताना १९८६ साली डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील शिक्षण आटोपून गडचिरोलीस आले आणि ‘सर्च’ या संस्थेच्या कामाला आरंभ झाला.

वसा आणि अमिर्झा ही गडचिरोलीजवळची दोन खेडी. येथे राणीताईंनी १३ वर्षांवरील ६५० स्त्रियांची पाहणी केली. प्रत्येकीची विचारपूस, शरीरतपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या असा तिचा विस्तार होता. अविवाहित मुलीही तीत होत्या. लग्नाआधी हा प्रश्न उद्भवतच नाही, हे वैद्यकातील गृहीत येथे मोडले गेले. निष्कर्ष १४ जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले: १०० पैकी ९२ स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग वा लैंगिक रोग होते, सरासरी एकेकीला ३.६ रोग; आणि यापूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या अवघ्या ८. आपल्याला काही त्रास आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया १०० पैकी ५५ होत्या. उरलेल्यांची तक्रारच नव्हती. अंगावरून पांढरे जाणे, कंबर मोडणे, पोटात दुखणे हा बाईच्या जन्माचा भागच आहे, अशी समजूत एकदा पक्की झाली म्हणजे रोग हा रोग म्हणून बोललाच जात नाही. तोवर जगात स्त्रियांच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या दोन खुंट्यांना बांधलेला होता. पुढे १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेत प्रजननआरोग्य हा स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाला, त्या विचाराला गडचिरोलीच्या या आकड्यांचे बळ होते.

देसाईगंजच्या टेबलावर आणि वसा-अमिर्झाच्या टेबलावर तपासले गेले ते शरीर एकाच मुलखातील स्त्रीचे. एका ठिकाणी ते तिच्या खरेखोटेपणाचा पंचनामा करण्यासाठी तपासले, दुसऱ्या ठिकाणी तिला औषध देण्यासाठी. पांढरे जाण्याविषयी बायकांच्या काय कल्पना आहेत, ‘गरमी’ आणि अशक्तपणा यांचा त्या कसा संबंध लावतात, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घेण्यात आले. ‘कानोसा’ या राणीताईंच्या पुस्तकातून हे बोलणे मराठी वाचकापर्यंत पोचले. पुढे पुरुषांच्याही लैंगिक व्याधींचा अभ्यास झाला, कारण नवरा तसाच राहिला तर बायकोचा उपचार अर्धाच राहतो. चातगावजवळच्या शोधग्रामात रुग्णालय उभे राहिले, त्याला माँ दंतेश्वरीचे नाव आले, आणि आदिवासी रुग्णाला परके वाटू नये म्हणून त्याची ठेवण गावातल्या झोपड्यांसारखी ठेवली गेली.

विचारपूस एकदा सुरू झाली की ती रोगाशी थांबत नाही. ‘तारुण्यभान’ या शिबिरांत राणीताई शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींशी सलग काही दिवस बोलू लागल्या: पाळी, स्वप्नावस्था, हस्तमैथुन, आकर्षण आणि प्रेम यांतील अंतर, नकार देणे व नकार स्वीकारणे, गुप्तरोग, एड्स, व्यसन, घरातल्याच माणसाकडून होणारा अत्याचार. वर्गात हात वर करून जे विचारता येत नाही ते निनावी चिठ्ठीवर येते, आणि अशा चिठ्ठ्यांचा ढीग हीच तरुणांच्या मनाची सर्वांत प्रामाणिक खानेसुमारी असते. कर्व्यांना टपालातून जे मिळाले, ते येथे समोरासमोर मिळाले; आणि ज्यांना टपाल ठाऊक नव्हते अशांकडून मिळाले. सरकारी पातळीवर मात्र २००७ साली महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला. पुढे किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ निघाली, २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. म्हणजे शाळेने जे दार लोटले, ते दवाखान्याने किलकिले केले.

कायद्यानेही हळूहळू आपली रीत सुधारली. दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले, आणि २०२२ साली ती करणारा दोषी धरला जाईल असे बजावले. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे, म्हणजे पॉक्सोप्रमाणे, मुलाची वा मुलीची जबानी शक्यतो तिच्या घरी, स्त्री अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यावयाची असते, आणि कोणत्याही सबबीवर बालकाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. देसाईगंजच्या त्या रात्रीचा एकेक तपशील जणू समोर ठेवून ही कलमे लिहिली आहेत. पण त्याच कायद्याने संमतीचे वय १८ केले. परिणामी पळून गेलेल्या १७ वर्षांच्या मुलीच्या भावाची वा बापाची फिर्याद आजही ठाण्यातच येते, प्रेम करणारा मुलगा आरोपी होतो, आणि मुलगी पुन्हा वयाच्या दाखल्यावर येऊन थांबते. जिच्यावर बळजोरी झाली ती आणि जिने स्वखुशीने घर सोडले ती, या दोघींना एकाच रकान्यात लिहिणारी यंत्रणा दोघींपैकी कोणाचेही खरे म्हणणे ऐकू शकत नाही.

या दीड शतकाच्या कागदांवरून एक गोष्ट सिद्ध होते. मुलखाची जमाबंदी परक्याला करता येते. माणसाच्या अंतरंगाची करता येत नाही. ज्याने उत्तराच्या बदल्यात औषध, संरक्षण किंवा निदान खरी माहिती देण्याची हमी घेतली, त्यालाच येथे उत्तर मिळाले. बाकीच्यांना मिळाली ती चाल, वदंता किंवा पढवलेली जबानी. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीत तरुणांच्या आरोग्याची पुढली पाहणी ज्यांना करावयाची असेल, त्यांनी प्रश्नावली छापण्यापूर्वी गोंडी-माडिया बोलणारी शिकलेली बाई, औषधांचा साठा आणि गुप्ततेची लेखी हमी यांची तरतूद अंदाजपत्रकात करावी. ही तरतूद नसेल, तर प्रश्न विचारण्याचा अधिकारही नाही.