भिंतीवरचा करूब

जुन्या वस्तूंच्या दुकानात किंवा एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर तुम्ही हा चेहरा पाहिला असेल. फुगरे गाल, कुरळे केस, मानेखाली दोन पंख आणि उडालेला रंग. आपण म्हणतो, 'किती गोड बाळ!' आज या बाळाचा इतिहास पाहू.

मूळात हे बाळ नव्हतेच. मराठी बायबलमध्ये त्याला 'करूब' म्हणतात. एदेन बागेतून आदाम-हव्वेला घालवल्यावर देवाने वाटेवर करूब पहारेकरी ठेवले, अशी कथा आहे. पहारेकरी धाक वाटावा असाच असणार! पंधराव्या शतकात इटलीच्या शिल्पकारांनी प्राचीन रोमन शिल्पांतली पंखवाली मुले पुन्हा घडवायला घेतली आणि देवदूतांना ते बाळरूप मिळाले. नुसते डोके आणि पंख का? तर देवदूत म्हणजे केवळ आत्मा, त्याला देह नाही, ही त्यामागची कल्पना.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. चर्च उभी राहिली, त्यांत उंच लाकडी वेद्या आल्या. लाकूड कोरायचे, त्यावर खडू आणि सरसाचा लेप द्यायचा, मग सोन्याचा वर्ख लावायचा, चेहऱ्याला कातडीचा रंग द्यायचा, अशी ही रीत. हे करणारे हात कोणाचे? १५६७ साली गोव्यातल्या धर्मपरिषदेने फर्मावले की ख्रिस्ती मूर्ती ख्रिस्तीतर कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. मनाई करावी लागली, याचाच अर्थ ते काम त्यांच्या हातून होत होते. गोव्यातल्या काही चर्चमधल्या प्रवचनपीठांना खालून नागकन्येसारख्या आकृती आधार देतात, त्या पाहा. आपले देऊळ माहीत असलेल्या माणसाचा हात तिथे ओळखू येतो.

मग हे चेहरे वेदीवरून भिंतीवर कसे आले? १८३५ साली गोव्यातले धर्मसंघ बंद करण्यात आले. मठ ओस पडले. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चचे छत १८४२ साली कोसळले. त्या चर्चची मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. घंटेचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे. पण अशा पडझडीत सुटे झालेले लाकडी चेहरे कोणत्या वेदीचे, हे कोण सांगणार? नोंद नसली की देवदूताची 'शोभेची वस्तू' होते.

म्हणून असा चेहरा दिसला तर त्याची मागची बाजू पाहा. ती सपाट, न कोरलेली असेल, खिळ्यांची भोके असतील, तर तो बहुधा कशाला तरी जोडलेला होता. दुकानदाराला विचारा, हा आला कुठून? आणि लक्षात ठेवा, १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने असे शिल्प ही पुरावस्तू ठरते. ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तिथे जरूर जा. तिथल्या वस्तूंशेजारी नावाची पाटी असते. भिंतीवरच्या आपल्या करूबाला तेवढीच एक ओळ हवी आहे: हा कुठला.