दिनविशेष : १३ ऑक्टोबर

डॉन फ्रेझरची तिसरी शंभरी

१९६४ साली आजच्याच दिवशी टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉन फ्रेझरने महिलांची १०० मीटर फ्रीस्टाइल शर्यत जिंकली. मेलबर्न (१९५६) आणि रोमनंतर (१९६०) याच शर्यतीतले हे तिचे सलग तिसरे सुवर्ण. एकाच वैयक्तिक शर्यतीत असे यश त्याआधी कोणत्याही जलतरणपटूला, पुरुषांनाही, मिळाले नव्हते.

सिडनीच्या बाल्मेन या कामगारवस्तीत वाढलेली डॉन आठ भावंडांत धाकटी. लहानपणापासून दम्याचा त्रास. वस्तीतल्या खाडीकाठच्या तलावात पोहता पोहता ती हॅरी गॅलघर या प्रशिक्षकाच्या नजरेस पडली. १९६२ मध्ये एका मिनिटाच्या आत १०० मीटर अंतर कापणारी ती पहिली महिला ठरली.

टोकियोच्या आधीचे महिने मात्र फार कठीण गेले. मार्चमध्ये ती चालवत असलेल्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात तिची आई गेली. डॉनच्या मानेच्या मणक्याला इजा झाली, मान प्लास्टरमध्ये राहिली. तरीही ती पाण्यात परतली. अंतिम शर्यतीत पंधरा वर्षांची अमेरिकन शेरॉन स्टाउडर दुसऱ्या पन्नास मीटरमध्ये तिला गाठू लागली होती. सत्तावीस वर्षांच्या डॉनने शेवटच्या हातांत जोर लावला आणि ५९.५ सेकंदांत भिंतीला हात टेकवला. स्टाउडर ०.४ सेकंद मागे राहिली.

पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या जलतरण संघटनेने बेशिस्तीचा ठपका ठेवून तिच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. ही शिक्षा अवाजवीच होती. बंदी मुदतीआधीच उठली, पण तोवर तिची कारकीर्द संपली होती. बाल्मेनचा तो जुना तलाव आज तिच्याच नावाने ओळखला जातो.