गोदाकाठचे नाताळचे पान

सणाच्या जेवणाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. धर्मप्रांत कधी स्थापन झाला, देवळाची कोनशिला कोणी बसविली, पहिले मिशनरी कोण, याच्या नोंदी आपण जपतो. परंतु मध्यरात्रीची मिस्सा आटोपून घरी परतलेली माणसे काय जेवली, ते अन्न कोठून आले, त्याचे पैसे कसे उभे राहिले आणि पंगतीला कोण कोण बसले, हे टिपून ठेवण्याची आपणास कधी गरज वाटली नाही. वास्तविक पाहता समाजाची सुखदुःखे, त्याची पत आणि त्याचे शेजाऱ्यांशी असलेले नाते या ताटात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. म्हणून नाताळच्या पानाकडे थोडे इतिहासाच्या दृष्टीने पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

या विवेचनासाठी आम्ही निफाड तालुक्यातील सायखेडा हे गाव डोळ्यांपुढे ठेवीत आहोत. गोदावरीच्या काठी, चांदोरीसमोर वसलेले हे बाजाराचे गाव. कांद्याचा उपबाजार, भोवती ऊस, गहू आणि द्राक्षबागा, थोडे पूर्वेला नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय. डिसेंबरात महाराष्ट्रातील नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा याच तालुक्यात होते. कुंदेवाडीचे गहू संशोधन केंद्रही येथलेच. गहू, गूळ, हरभरा, कांदा आणि कडाक्याची थंडी, एवढे सांगितले म्हणजे या प्रदेशातील नाताळचे अर्धे जेवण सांगून झाले.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज. तो आपल्याकडे किनाऱ्यावरून आला. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत तेथील ख्रिस्ती घरांत फुगे, विंदालू, सारपोतेल, नेवऱ्या, डोडोल असे पदार्थ रुजले आणि बाटलीतला मसाला ही ईस्ट इंडियन घराची ओळख ठरली. घाट ओलांडून शब्द वर आला, पदार्थ मात्र आले नाहीत. देशावरील मराठी ख्रिस्ती समाज घडला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याची चूल ज्वारी-बाजरीचीच राहिली. आमच्या नाताळला वसईचे ताट नाही म्हणून ओशाळण्याचे कारण नाही. करंजी, शंकरपाळे, चकली, अनारसे हा दिवाळीचा फराळ आपण नाताळच्या दारी आणला, तो उसना म्हणून नव्हे, तर आपल्याच मातीचा म्हणून.

या समाजाच्या जन्माशी भुकेचा प्रश्न जोडलेला आहे, हे विसरून चालणार नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे काम आरंभिले. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी १८५४ साली शरणपूर वसविले. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकी मुलेही तेथे शिकली. पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. कॅथलिक मिशनचा आरंभ १८७८ सालचा. येशूसंघीय फादर ओटो वाइसहाउप्ट राहुरीजवळच्या केंदळ येथे कार्यरत झाले, तेव्हा १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली होती. अन्नासाठी धर्म बदलला, हा टोमणा आपल्या पूर्वजांनी ऐकला तो तेव्हापासून. ज्याला गावाने कधी पंगतीत बसू दिले नाही, ज्याच्या ओंजळीत पाणीही वरून ओतले गेले, त्याला कोणी आपल्याशेजारी बसवून घास दिला, तर त्या घासाची किंमत धान्याच्या भावाने करता येत नाही. त्यात भूक होती, हे खरे. पण मानही होता. नाताळची पंगत ही या मानाची वार्षिक साक्ष होती, असे आम्हांस वाटते.

याच गोदाकाठची दुसरी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या लेकीचे माहेर अत्यंत सोवळे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपली चूल व पाणी वेगळे ठेवले होते. स्वतः त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये खरा उंबरठा ओलांडला जातो तो त्याआधी, कोणाच्या हातचे अन्नपाणी चालेल या प्रश्नापाशी. टिळक कुटुंब प्रोटेस्टंट. तरी हा प्रश्न सर्व मराठी ख्रिस्ती समाजाचाच आहे.

आता जेवणाच्या वेळेविषयी. आजच्या तरुण पिढीला ठाऊक नसेल, पण नाताळच्या आदल्या दिवशी ख्रिस्तसभेचा उपवास असे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार त्या दिवशी एकदाच पोटभर जेवण आणि तेही मांसाविना, असा सार्वत्रिक नियम होता. मिशन-प्रदेशांना सवलती मिळत. शिवाय ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नसे. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मुभा दिली, १९५७ मध्ये हा उपवास तीन तासांवर आणला, १९६४ मध्ये तो एका तासावर आला आणि १९६६ मध्ये नाताळपूर्व दिवसाच्या उपवासाचे बंधनही उठले. या चार तारखांनी आपल्या स्वयंपाकघराचे वेळापत्रक बदलून टाकले. उपवासाच्या काळात आदल्या रात्रीचे जेवण साधे, वरण-भाताचे किंवा नदीतल्या माशांचे, आणि खरा सण दुसऱ्या दिवशी दुपारी. बंधन गेल्यावर चोवीस तारखेची रात्रही मेजवानीची झाली. एका सणाची दोन जेवणे झाली, आणि खर्चही त्याच मानाने वाढला.

खर्चाला लगाम घातला तो टंचाईने. दुसऱ्या महायुद्धापासून शिधावाटप आले. साखर आणि धान्य कार्डावर मिळू लागले. पुढे टंचाईच्या काळात मेजवानीला किती पाहुणे बोलवावेत यावरही सरकारी मर्यादा होत्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशी लाल मिलो खाल्ला, दुष्काळी कामांवर सुकडी खाल्ली. अशा वर्षीही सण थांबत नाही. गृहिणीने साखरेऐवजी गूळ वापरला, करंजीत खोबरे कमी आणि रवा अधिक घातला, मटणाच्या रश्श्यात बटाटे वाढविले. दारिद्र्यात सण साजरा करण्याची ही विद्या आपल्या आयाबहिणींनी घडविली आहे. तिला पाकशास्त्राच्या पुस्तकात जागा मिळाली नाही, एवढेच.

केकची वाट निराळी. तो आला देवळालीच्या छावणीतून आणि इगतपुरी-मनमाडच्या रेल्वे वसाहतींतून, जेथे गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत. भट्टी नसलेल्या घरांनी पातेल्यात वाळू घालून, खाली-वर निखारे ठेवून तो भाजला. आज तो बेकरीतून येतो, आणि घरी भाजलेल्या रव्याच्या केकपेक्षा महाग पडतो.

इतिहासाचा हा हिशेब मांडल्यावर आजच्या घराला त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आमच्या मते पुष्कळ आहे. नाताळचे जेवण एकच नसते. प्रसंगाप्रमाणे ते तीन प्रकारचे असते, आणि प्रत्येकाचे अर्थकारण वेगळे.

पहिले घरचे. मिस्सेनंतरचे, पाच-सहा माणसांचे. येथे एक किलो मटण किंवा सव्वा किलो कोंबडी, अर्धा किलो तांदूळ, बाजरीच्या भाकरी आणि गुळाची शेवयांची खीर पुरे होते. थंडीत बाजरी अंगी लागते आणि गव्हापेक्षा सहसा स्वस्तही पडते. ज्या घरी मांस परवडत नाही, तेथे अंड्यांचा रस्सा सणाला कमीपणा आणीत नाही.

दुसरे पाहुण्यांचे. मुंबई-पुण्याहून लेकी, जावई, भाऊबंद आलेले, वीस पाने मांडायची. माणशी दीडशे ग्रॅमच्या हिशेबाने तीन किलो मटण, दोन किलो तांदूळ. आणि गोड म्हणून पुरणपोळी. दीड किलो हरभऱ्याची डाळ आणि तितकाच गूळ यांतून चाळीसच्या आसपास पोळ्या होतात, आणि डाळीच्या कटाची आमटी जवळजवळ फुकट पदरात पडते. गहू आणि गूळ दोन्ही याच मातीतले. विकतच्या मिठाईशी तुलना केली, तर हे गोड निम्म्याहून कमी खर्चात होते आणि पाहुण्याला आपल्या घरचे म्हणून लक्षात राहते.

तिसरे समाजाचे, शंभर पानांचे. आमचा आग्रह असा की, ही पंगत शाकाहारी असावी. दहा किलो तांदूळ, पाच किलो तूरडाळ, पंधरा किलो वांगी-बटाटे, आणि तीन किलो बेसन व पाच किलो साखरेची बुंदी. खर्च मांसाहारी पंगतीच्या मानाने बराच कमी. पण आमचा मुद्दा खर्चाचा नाही. या काठावर वारकरी संप्रदाय खोल रुजलेला आहे. गळ्यात तुळशीची माळ असलेला शेजारी या पानावर संकोच न करता बसू शकतो. ज्यांच्या आजोबांच्या हातचे शिजलेले अन्न गाव घेत नसे, त्यांच्या नातवांनी शिजविलेला भात आज तेच गाव मांडीला मांडी लावून खाईल, तर नाताळचा याहून मोठा अर्थ आम्हांस ठाऊक नाही.

एका खर्चाचा उल्लेख टाळता येत नाही, तो मद्याचा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हा मिस्सेसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची तरतूद त्यात ठेवली होती. घरोघरच्या बाटलीची नव्हती. आता हाच नाशिक जिल्हा द्राक्षमद्याचा जिल्हा म्हणून मिरवतो. कोणी काय प्यावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु मजुराच्या घरात सणाची उचल मटणावर कमी आणि बाटलीवर अधिक जाते, तेव्हा मुलांच्या ताटातली करंजी कमी होते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

आणि वाईट वर्षांचे काय? ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला महापूर आला, सायखेडा आणि चांदोरीच्या वस्तीत पाणी शिरले. २०२३ साली २६ नोव्हेंबरला निफाड तालुक्यात गारपीट होऊन द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, आणि ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद झाली. भाव कोसळले. नाताळ सतरा दिवसांवर होता. शेतमालकाचे नुकसान वर्तमानपत्रांत छापून आले. बागेत आणि खळ्यावर राबणाऱ्या मजुराचा बुडालेला रोज कोठे छापला गेला नाही. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे या दुसऱ्या वर्गातली आहेत. अशा वर्षी सणासाठी काढलेले कर्ज पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिटत नाही.

नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि बिशप थॉमस भालेराव त्याचे पहिले धर्माध्यक्ष झाले. तेव्हापासून देवळे उभी राहिली, शाळा उभ्या राहिल्या. आता धर्मग्रामांनी आगमनकाळाच्या चार आठवड्यांत एक साधे काम हाती घ्यावे, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक घराने आठवड्याला मूठभर तांदूळ, वाटीभर डाळ, ढेपेतला गुळाचा खडा बाजूला काढावा, आणि चोवीस तारखेपूर्वी तो शिधा ज्या घरी त्या वर्षी चूल जड झाली असेल तेथे पोहोचावा, नाव न पुकारता आणि छायाचित्र न काढता. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागली, तर १८७८ चा टोमणा आपणच आपल्या भावंडाला ऐकविल्यासारखे होईल.

बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा आहे. ज्या गावी प्रभू जन्मला त्याचे नावच असे असावे, हा योगायोग मानायचा की संकेत, ते ज्याने त्याने ठरवावे. गोदाकाठच्या एकाही ख्रिस्ती घरातील चूल त्या रात्री विझलेली नसावी, एवढे मात्र आपण सर्वांनी मिळून ठरविता येण्यासारखे आहे.