कर्करोगावरील कणोपचार

प्रोटॉन किंवा कार्बन यांसारखी विद्युतभारित अणुकेंद्रे यंत्राच्या साहाय्याने प्रचंड वेगास पोचवून त्यांच्या शलाकेने कर्करोगाची गाठ नष्ट करण्याची वैद्यकीय पद्धती. ही किरणोपचाराचीच एक शाखा होय. परंतु क्ष-किरणांच्या नित्याच्या उपचाराहून तिचे वेगळेपण शलाकेच्या सामर्थ्यात नसून ते सामर्थ्य शरीरात नेमके कोठे खर्ची पडते यात आहे, आणि म्हणूनच तिचे यश भौतिकशास्त्राइतकेच रोगाच्या जागेच्या अचूक ज्ञानावर अवलंबून राहिले आहे.

शरीरात शिरणारी उच्च ऊर्जेची क्ष-किरण शलाका त्वचेखाली थोड्याच अंतरावर सर्वाधिक मात्रा देते, पुढे उत्तरोत्तर क्षीण होत जाते आणि गाठ ओलांडल्यावर पलीकडील निरोगी ऊतींनाही उपद्रव पोचवीत बाहेर पडते. भारित कण वेगात असताना वाटेतील अणूंना थोडीच ऊर्जा देतो. वेग मंदावेल तसतशी अधिकाधिक देत जातो, आणि मार्गाच्या अखेरच्या काही मिलिमीटरांत उरलेली ऊर्जा एकदम सोडून थांबतो. रेडियमपासून निघणाऱ्या आल्फा कणांचे हे वर्तन विल्यम हेन्री ब्रॅग यांनी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे १९०४ च्या सुमारास दाखवून दिले, म्हणून मात्रेच्या या अंतिम उंचीस ब्रॅग शिखर म्हणतात. कणाची ऊर्जा ठरवली की त्याचा पल्लाही ठरतो : ७० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ४ सेंमी., तर २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा सुमारे ३३ सेंमी. खोल जातो. एकच शिखर गाठीच्या मानाने फार अरुंद असल्यामुळे निरनिराळ्या ऊर्जांची शिखरे एकापुढे एक मांडून गाठीची सर्व जाडी व्यापावी लागते. पूर्वी हे काम कमीजास्त जाडीची फिरती चक्रे व प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र कापलेल्या पितळी चौकटी यांच्या आधारे होत असे. स्वित्झर्लंडमधील फिलिगेन येथे १९९६ पासून चुंबकांनी वळवलेली बारीक शलाका गाठीतून बिंदूबिंदूने फिरवण्याची रीत रुग्णांवर वापरात आली व पुढे तीच सर्वत्र रूढ झाली.

या गुणधर्माचा वैद्यकास उपयोग करून घ्यावा ही कल्पना रॉबर्ट विल्सन या अमेरिकन भौतिकीविदांनी १९४६ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात मांडली. युद्धकाळात लॉस ॲलमॉस येथे अणुबाँबच्या कामावर असलेले विल्सन तेव्हा हार्व्हर्ड विद्यापीठासाठी सायक्लोट्रॉनचा आराखडा तयार करीत होते. त्या छोट्या लेखात प्रोटॉनचा पल्ला व मात्रा यांची आकडेमोड तर होतीच, पण पुढेमागे कार्बनचे अणूही उपयोगी पडतील अशी सूचनाही होती. बर्कली येथे जॉन लॉरेन्स व कॉर्नेलियस टोबायस यांनी १९५४ मध्ये पहिल्या रुग्णांवर प्रोटॉन वापरले, परंतु ते गाठीवर नव्हे, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीवर. स्तनाच्या कर्करोगास पोषक ठरणारी अंतःस्रावांची साखळी तोडणे हा हेतू त्यामागे होता. शिवाय ही ग्रंथी कवटीतील हाडाच्या खाचेत वसलेली असल्याने तिची जागा साध्या क्ष-किरण चित्रावरूनही ठरवता येत होती. मऊ ऊतींतील गाठ किती खोल आहे आणि तिची पलीकडची कड कोठे संपते, हे दाखवणारे साधनच त्या काळी वैद्यांपाशी नव्हते. ते सत्तरीच्या दशकात संगणकीय छेदचित्रणाने दिले. विल्सन यांच्या कल्पनेस व्यवहारात उतरण्यास इतका विलंब लागला, त्याचे मोठे कारण माझ्या मते हेच होय. स्वीडनमधील उप्साला येथे १९५७ मध्ये, तर हार्व्हर्ड येथे मॅसॅच्यूसेट्स जनरल रुग्णालयाच्या सहकार्याने १९६१ मध्ये उपचार सुरू झाले, आणि मूळच्या भौतिकी संशोधनासाठी बांधलेल्या हार्व्हर्डच्या यंत्राने २००२ पर्यंत ९,००० हून अधिक रुग्णांची सेवा केली. संशोधनशाळेच्या मेहेरबानीवर न राहता सर्व प्रकारच्या गाठींसाठी रुग्णालयातच बांधलेले पहिले प्रोटॉन केंद्र म्हणजे कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथील (१९९०).

जड कणांचा इतिहास अधिक सावधगिरीचा आहे. रॉबर्ट स्टोन यांनी बर्कली येथे १९३८ पासून वेगवान न्यूट्रॉनांनी उपचार केले. निर्भार असल्याने न्यूट्रॉनास ब्रॅग शिखर नाही, परंतु पेशींवर त्याचा आघात क्ष-किरणांहून तीव्र असतो, आणि हा तीव्रपणा पुरता न उमगल्याने अनेक रुग्णांच्या निरोगी ऊतींची कालांतराने दारुण हानी झाली. स्टोन यांनी स्वतःच १९४८ मध्ये हा उपचार पुढे चालवू नये असा निष्कर्ष जाहीर केला. तीव्र आघात हवा, पण तो योग्य जागीच हवा, या गरजेतून कार्बन पुढे आला. त्याच्या मार्गाच्या अखेरीस पेशीतील गुणसूत्रांच्या दोन्ही धाग्यांवर एकाच ठिकाणी इतके घाव पडतात, की क्ष-किरणांना दाद न देणाऱ्या, प्राणवायूचा पुरवठा तोकडा असलेल्या पेशीही सहसा दुरुस्त होऊ शकत नाहीत. तेथे कार्बनचा परिणाम क्ष-किरणांच्या दुप्पट-तिप्पट धरतात, तर प्रोटॉनचा केवळ सव्वापटीहूनही कमी, म्हणजे १.१ पट. जपानमधील चिबा येथे १९९४ मध्ये कार्बनचे वैद्यकीय प्रयोग सुरू झाले, व जर्मनीतील डार्मस्टाट येथील अनुभवावर हायडेलबर्गचे केंद्र २००९ मध्ये उभे राहिले. तेथील शलाका रुग्णाभोवती फिरवणाऱ्या सांगाड्याचे वजन ६०० टनांहून अधिक आहे, यावरून या उपचारास लागणाऱ्या भांडवलाची कल्पना यावी.

ज्या रोगांत या पद्धतीचा लाभ निर्विवाद मानला जातो त्यांची यादी लांब नाही. डोळ्यातील मेलॅनोमा हा पहिला. बुबुळामागील भिंतीस टँटलमच्या सूक्ष्म चकत्या शिवून गाठीची जागा निश्चित करतात, आणि चार-पाच बैठकांत बहुतेक रुग्णांचा डोळा वाचतो. कवटीच्या तळाशी मेंदूच्या देठास खेटून वाढणारे कॉर्डोमा व कॉण्ड्रोसार्कोमा हे दुसरे. परंतु सर्वांत बळकट दावा लहान मुलांचा आहे. मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीवर शस्त्रक्रियेनंतर मेंदू व मज्जारज्जू यांच्या सर्व लांबीवर किरणे द्यावी लागतात. पाठीतून सोडलेले क्ष-किरण मणका ओलांडून हृदय, फुप्फुसे, अन्ननलिका व आतडी यांतून बाहेर पडतात, तर प्रोटॉन मणक्याच्या पुढच्या कडेशी थांबवता येतात. साठीच्या रुग्णास न जाणवणारी ही बचत पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत पुढील साठ वर्षांच्या हयातीचा, त्यातील हृदयविकाराच्या व नव्या कर्करोगाच्या धोक्याचा प्रश्न असते.

याउलट पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात प्रोटॉन व आधुनिक क्ष-किरणोपचार यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतील ‘पार्टिकॉल’ या यादृच्छिक चाचणीत (२०२४) दोन वर्षांनंतर आतड्यांच्या कार्यात काहीच फरक आढळला नाही, आणि तरीही पुष्कळ केंद्रांचा मोठा भार याच रुग्णांवर चालत आला आहे. शिवाय कण जेथे थांबेल असे गणित सांगते, तेथेच तो थांबेल याची हमी नाही : पल्ल्यात सुमारे ३ टक्के अनिश्चितता गृहीत धरावी लागते, श्वासाबरोबर गाठ हलते, रुग्ण रोडावतो, नाकाच्या पोकळ्या भरतात वा रिकाम्या होतात, आणि शिखर जितके तीक्ष्ण तितकी त्याची चूक महाग पडते. म्हणून उपचार चालू असताना छेदचित्रे पुन्हा घेऊन आराखडा फेरतपासणे भाग असते.

भारतात चेन्नई येथील अपोलो केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये स्थापन होऊन १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. त्याच संस्थेच्या नवी मुंबईतील खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात २०२३ मध्ये प्रोटॉनोपचार सुरू झाले. सरकारी खात्याच्या तरतुदीतून उभारलेली अशी सोय मुंबईच्या परिसरात झाल्याने महाराष्ट्रातील सामान्य रुग्णासही ती आवाक्यात येऊ शकते. मात्र एका रुग्णास सहसा आठवड्यातून पाच दिवस असे पाच-सहा आठवडे यावे लागते, लहान मुलांना स्थिर ठेवण्यासाठी पुष्कळदा रोज भूल द्यावी लागते, आणि त्यामुळे एका खोलीत दिवसाकाठी मोजकेच उपचार होतात. अशा परिस्थितीत नेदरलँड्सने अवलंबिलेली रीत, म्हणजे प्रत्येक रुग्णासाठी क्ष-किरण व प्रोटॉन असे दोन्ही आराखडे मांडून संभाव्य हानीत ठरावीक फरक दिसल्यासच प्रोटॉनांस मंजुरी देणे, ही भारतीय केंद्रांनी स्वीकारण्याजोगी आहे, आणि त्या यादीत पहिला हक्क मुलांचा असला पाहिजे.