तळटीप : ‘रक्तातली साखर तपासली’
* लेखकाने प्रयोगशाळेचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे, पण ही तपासणी समजून घेण्याजोगी आहे. जुन्या फोलिन-वू पद्धतीत तांब्याचे क्षार वापरत. रक्तातले इतर क्षपणकारक पदार्थही मोजले जात आणि आकडा फुगे. नंतरच्या पद्धतीतले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर मात्र जवळजवळ फक्त ग्लुकोजलाच हात लावते. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि पेरॉक्सिडेज हे दुसरे विकर त्याच्या साहाय्याने रंगहीन द्रावण गुलाबी करते. गुलाबी जितका गडद, तितकी साखर जास्त. यंत्र तो गडदपणा ५०५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात मोजते. नमुना फ्लोराइडच्या नळीत घेतात, कारण एरवी नळीतल्या रक्तपेशीही साखर खात राहतात. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने आकडा खोटाच कमी येऊ शकतो. – संपादक